सातवा गुरुवार

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज समितीची बैठक. पत्रावर ‘संशोधन नीतिमत्ता समिती’ असं लांबलचक नाव असतं, बोलताना सगळे एथिक्स कमिटीच म्हणतात. विद्यापीठात कुणाला माणसांवर संशोधन करायचं असेल, नुसते प्रश्न विचारायचे असले तरी, आधी आमची परवानगी लागते. ‘आमची’ हा शब्द लिहायला बरं वाटतं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्यावाचून कुणाचं काही अडल्याचं आठवत नाही.

समितीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, प्राध्यापक आहेत आणि मी आहे. माझ्या पुढ्यातल्या पाटीवर ‘श्री. कडुबा शेजूळ’ आणि खाली ‘सामान्य नागरिक’ असं छापलंय. रजिस्ट्री कचेरीत चौतीस वर्षं लोक मला साहेब म्हणायचे. सामान्य व्हायला निवृत्त व्हावं लागलं. पण या पाटीमागं माणूस नसेल तर बैठक भरत नाही, असा नियम आहे. मी दारात दिसलो की सदस्य सचिव विश्वजीत सर म्हणतात, “शेजूळ साहेब आले, चला सुरू करू.” हे ऐकायला मी पडेगावहून अर्धा तास आधी निघतो.

आज आमरीन नावाच्या मुलीचा प्रस्ताव होता. समाजकार्यात पीएच.डी. करते. पासष्टच्या पुढची, एकटी राहणारी माणसं शोधायची. सहा आठवडे, दर गुरुवारी तासभर त्यांच्या घरी जायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, आणि कुणी येऊन बोलल्यानं फरक पडतो का ते बघायचं. विषय चांगला आहे. अशी माणसं शहरात फार झालीत.

संमतीपत्राचं मराठी मात्र असं: ‘सदर अभ्यासातून आपण कोणत्याही टप्प्यावर विनाप्रतिकूल परिणाम माघार घेण्यास पात्र आहात.’ मी म्हणालो, हे ऐकून माणूस सुरुवातीलाच माघार घेईल. सगळे हसले. अध्यक्ष सुलेखा मॅडम मोठ्या डॉक्टर आहेत, त्याही हसल्या. म्हणाल्या, “मग तुम्हीच सोपं करून द्या, शेजूळ. पुढच्या बैठकीपर्यंत. फक्त बाहेर कुणाला दाखवू नका.” ते मला सांगायला नको. गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे.

११ जानेवारी, शनिवार

दोन दिवस संमतीपत्र घेऊन बसलोय. ते माघारीचं वाक्य आता असं झालं: ‘नको वाटलं तर मधेच नको म्हणा. कोणी रागावणार नाही.’ जेवणं सोडून हेच चाललंय. खरं तर जेवण म्हणजे खिचडीच.

रजिस्ट्रीतही नियम हाच होता. दस्त वाचून दाखवायचा, समजला का विचारायचं, मग अंगठा घ्यायचा. बाहेर रांग असायची. आम्ही नुसतं “मान्य ना?” म्हणायचो आणि समोरच्याचा अंगठा ओढून शाईवर टेकवायचो. साळूबाई नावाची एक बाई आठवते. भावांनी हक्कसोडपत्रासाठी आणली होती. अंगठा मागं घेऊन तिनं विचारलं, “सायब, काय लिव्हलंय ह्याच्यात?” मी म्हणालो, “भावांना विचारा.” तिनं भावांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि अंगठा पुढं केला. वीस वर्षं तरी झाली असतील. एवढे हजारो अंगठे घेतले, पण नाव तिचंच लक्षात राहिलं.

१५ जानेवारी, बुधवार

आज पाण्याचा दिवस. आठ दिवसांनी नळ आला. पलीकडच्या घरात मालनबाई एकट्याच असतात. मुलगा गोकुळ शेंद्र्याला कंपनीत आहे, बिऱ्हाड तिकडंच. आमचं बोलणं म्हणजे पाण्याच्या दिवशी भिंतीवरून, तेही “आलं का?” आणि “गेलं का?” एवढंच.

कागद सोपा झाला की नाही हे ज्यानं शाळा बघितली नाही त्यानंच सांगायला पाहिजे. टाक्या भरून झाल्यावर त्यांच्या ओट्यावर बसून मी तो सगळा वाचून दाखवला. एक ओळ सोडली नाही. त्या मधेमधे मान हलवत होत्या. एकदा म्हणाल्या, “भाऊ, जरा हळू. मला कुठं गाडी धरायचीय?” मी हळू वाचलं. शेवटी विचारलं, “मान्य?”

“व्हय.”

पुढचं माझ्या हातानंच केलं. शाईचा पॅड पिशवीत होता. मी कागद घेऊन निघालो की तो पिशवीत येतोच. त्यांचा डावा अंगठा धरला, शाईवर टेकवला, कागदावर उमटवला, चिंधीनं पुसून दिला. एक प्रत त्यांच्याकडं, एक माझ्याकडं, अशी रीत आहे. साक्षीदाराची जागा कोरी ठेवली.

घरी चहा ठेवताना ध्यानात आलं की मंजुरी नसलेल्या कागदावर मी अंगठा घेतला. ही नुसती चाचणी आहे असं त्यांना आधी सांगितलं होतं. सांगितलं असणार.

१६ जानेवारी, गुरुवार

सांगितलं नव्हतं.

दुपारी बाहेर आलो तर मालनबाई धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर. खाटेवर घडी मोडलेली नवी चादर. विचारलं, पाहुणे येणार का? म्हणाल्या, “ती पोरगी येणार ना. गुरुवारी येती म्हणून कागदात हाय.”

खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. “तिला काम निघालं. आज मला पाठवलंय.”

मग काय, घरून प्रश्नांचा कागद आणला आणि चादरीवर बसलो. पहिला प्रश्न: मागच्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही कोणाशीही बोलला नाहीत? त्यांनी बोटं मोजली. “तीन. बाकी दूधवाला, मंदिरातल्या बाया, आन् काल तुम्ही.” मग मलाच विचारलं, “तुमचं किती, भाऊ?” मी सांगितलं, प्रश्न मी विचारायचे असतात.

३० जानेवारी, गुरुवार

तिसरा गुरुवार. आता दुपारी तीनला चहा तयार असतो. माझ्या चहात साखर कमी असते. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच हेरलं. “पोरगी लई कामात असती वाटतं,” म्हणाल्या. मी म्हणालो, फार. त्यांचा विश्वास बसलाय, तेवढी चिंता मिटली.

आज विचारायचे प्रश्न आठ होते, झाले चारच. मधेच बायकोच्या दुखण्याचा विषय निघाला. कुणी काढला ते आठवत नाही. दवाखान्यातले शेवटचे अकरा दिवस मी क्रमानं सांगितले. मालनबाई गवार मोडत ऐकत होत्या. उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यांना सोबत मिळाली, तेवढंच समाधान.

२ फेब्रुवारी, रविवार

पुण्याहून लेकीचा, सायलीचा फोन. चार मिनिटं. नातवाची परीक्षा आहे. कमिटीचं सांगायला लागलो तर दारावर कुणीतरी आलं, म्हणाली पुढच्या रविवारी सविस्तर बोलू.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज बैठकीत माझं संमतीपत्र सुलेखा मॅडमनी मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘कोणी रागावणार नाही’ या वाक्याला वकील साहेबांनीसुद्धा मान डोलावली. आमरीन उठून उभी राहिली, म्हणाली, “सर, मला वर्षभरात असं लिहायला जमलं नसतं.” तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

मी विचारलं, “सातव्या आठवड्याचं काय?”

“सर, सहाव्या आठवड्यात अभ्यास संपतो.”

“अभ्यास तुमचा संपतो. गुरुवार पुढंही येत राहतो. ज्याला तुम्ही सहा वेळा दार उघडायची सवय लावली, त्यानं सातव्या वेळी काय करायचं?”

 तिनं प्रस्तावाची पानं उलटून बघितली. मॅडम म्हणाल्या, मुद्दा रास्त आहे, सोय लिहून पुढच्या महिन्यात परत या. मुलीनं अगदी हळू सांगितलं की मार्चमध्ये मंजुरी मिळाली नाही तर तिची मुदत संपते. तिचे डोळे भरले होते. मला त्या वेळी फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. परतताना मोंढ्यापर्यंत ते टिकलं, पुढं रस्ताभर लाज वाटत राहिली.

मालनबाईंचा विषय आज काढणार होतो. घरून ठरवून निघालो होतो. सांगितलं असतं तर पाटी गेली असती. बैठकभर मी त्या पाटीची मागची कोरी बाजू बघत होतो. घरी येऊन पाचला पलीकडं गेलो. चहा दुसऱ्यांदा गरम केलेला होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सहावा. प्रश्न संपले. शेवटचा प्रश्न: या भेटींनी तुम्हाला बरं वाटलं का? “वाटलं की,” मालनबाई म्हणाल्या. “तुम्हाला?” मी कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जायला काही कारण नव्हतं. कागदात सहाच आठवडे लिहिलेत.

तीन वाजता पलीकडं स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. सव्वातीनला भांडं उतरवल्याचा. मी आतल्या खोलीत बसून जुना पेपर वाचत होतो. साडेचारला त्यांच्या दाराची कडी लागली. उठून जायला चार पावलं पुरली असती. काय म्हणून जायचं, हे सुचलं नाही. म्हातारा माणूस काम नसताना बाईमाणसाच्या ओट्यावर कसा बसेल? आज फार एकटं वाटलं. हे एवढंच लिहायचं होतं.

४ मार्च, मंगळवार

विश्वजीत सरांचा फोन. परवा तातडीची बैठक. तक्रार आलीय, पडेगावच्या एका म्हाताऱ्या बाईचा अंगठा मंजुरीआधीच घेतलाय. बाईच्या मुलाला घरात कागद सापडला. कागदावर विद्यापीठाचं आणि आमरीनचं नाव आहे. “ती म्हणतेय मी पडेगावात पाऊल ठेवलं नाही,” सर म्हणाले, “पण अंगठा काय आपोआप उमटला? प्रस्ताव रद्दच करावा लागेल. तुम्ही नक्की या, शेजूळ साहेब, तुमच्याशिवाय कोरम होत नाही.”

मी “हो” म्हणालो. मालनबाईंना विचारावं म्हणून दारापर्यंत गेलो. आतून गोकुळचा चढलेला आवाज येत होता. “कुणी घेतला ते तरी सांग, आई.” त्या म्हणाल्या, “बोलणं भायेर जाणार न्हाई असं कागदात हाय. म्या न्हाई सांगायची.”

ते वाक्य मीच सोपं केलं होतं. दार न वाजवता परत आलो.

६ मार्च, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

बैठकीत आमरीन भिंतीला टेकून उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. गोकुळला आत बोलावलं. कंपनीचा शर्ट अंगात, रजा टाकून आला होता. मला बघून त्याचा चेहराच उजळला. “शेजूळ भाऊ, तुम्ही हाय का इथं? बरं झालं. तुम्ही तर रजिस्ट्रीतले. आमचा एवढा एकच प्लॉट हाय, आईच्या नावावर. ह्या बाईनं कशावर अंगठा घेतला, तुम्हीच बघा.” आणि त्यानं तो कागद इतर कुणाकडं न देता माझ्या हातात दिला.

अंगठा स्वच्छ उमटला होता. रेघ न रेघ दिसत होती. माझ्या हातचे अंगठे कधी फिसकटत नाहीत.

“साक्षीदाराची सहीसुद्धा नाही,” विश्वजीत सर म्हणाले.

“राहिलीय,” मी म्हणालो. खिशातलं पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेवर पूर्ण नाव लिहून सही केली. तारीख घातली, पंधरा जानेवारी. कागद मॅडमकडं सरकवला. “अंगठा मी घेतला. या मुलीला काही माहीत नाही. ती पडेगावात आलेली नाही. गोकुळ, प्लॉटचा काही संबंध नाही. चूक माझी आहे.”

मग सगळंच सांगितलं. ओटा, पॅड, चादर, सहा गुरुवार. गोकुळ माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, “भाऊ, तुम्ही? मला फोन तरी करायचा.” एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मॅडमनी विचारलं, “पहिल्याच गुरुवारी खरं का नाही सांगितलं?”

“बाई वाट बघत होत्या. एकट्या असतात.”

“आणि तुम्ही?”

“मी सदस्य म्हणून गेलो,” मी म्हणालो.  मला मोकळं करावं लागेल हे मॅडमनी सांगायच्या आधीच मी फाईल परत केली आणि पाटी टेबलावर आडवी ठेवली. जिन्यापाशी आमरीन आली. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, “काका, पाणी घ्या,” आणि तिची बाटली पुढं केली.

१४ मार्च, शुक्रवार

नळ आला. पलीकडं कुलूप आहे. गोकुळ आईला शेंद्र्याला घेऊन गेला. मी सवयीनं भिंतीवरून “आलं” असं ओरडलो, आणि मग आपलीच टाकी भरली.

२३ मार्च, रविवार

सायलीचा फोन. “कमिटी कशी चाललीय, बाबा?” म्हणालो, छान.

१० एप्रिल, गुरुवार

मालनबाई काल परत आल्या. कुलूप उघडल्याचा आवाज ऐकला. बाहेर गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

आज तीनच्या सुमारास दार वाजलं. आमरीन. खांद्याला पिशवी, हातात माझ्या ओळखीचा कागद. मंजुरी मिळाली म्हणाली, या गुरुवारपासून काम सुरू. मी म्हणालो, “बेटा, मालनबाईंचं घर पलीकडचं.”

“तिथूनच आले काका. आजींनी इकडं पाठवलं.”

“काय म्हणाल्या?”

 “सांगू? म्हणाल्या, माझं मागून लिव्ह, आधी भिंतीपलीकडं जा. मला मंदिर हाय, बाया हाईत. ते भाऊ पोरगी कामात हाय सांगून यायचे. पोरगी येत न्हाई हे म्या पहिल्याच दिशी वळखलं. पण त्यांना लई बोलायचं असायचं, म्हणून चादर टाकायची.”

मला राग आला. खरंच आला. सहा गुरुवार मी कागद नीट धरून, चष्मा पुसून प्रश्न विचारत होतो, आणि ती बाई गवार मोडता मोडता मला सांभाळून घेत होती. आमरीनला म्हणणार होतो, मला काही गरज नाही. ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. म्हणाली, “आजींनी सांगितल्यावर सुलेखा मॅडमना फोन करून विचारलं. तुम्ही आता समितीत नाही, त्यामुळे चालतं. पण नको म्हणालात तर मी जाईन. कोणी रागावणार नाही.”

माझंच वाक्य. मी खुर्ची झटकून पुढं केली.

तिनं कागद वाचायला घेतला. मी म्हणालो, “मला वाचता येतं. आण, सही करतो.” ती म्हणाली, “नाही काका, वाचून दाखवायचा असतो.” आणि तिनं पहिल्या ओळीपासून वाचला. दर परिच्छेदाला थांबून विचारलं, कळलं का, परत वाचू का. एवढ्या आयुष्यात एखादा कागद मला कुणी असा वाचून दाखवला नव्हता, आणि मीही कुणाला दाखवला नव्हता. मालनबाईंना एकदा, तेवढाच. साळूबाई आठवली. 

शेवटी एक नवं कलम होतं, मी न लिहिलेलं. ‘सहा आठवड्यांनंतर, दोघांचीही इच्छा असेल तर, जवळ राहणाऱ्या दुसऱ्या सहभागी व्यक्तीशी तुमची गाठ घालून देऊ. मग गुरुवारी कोणी कोणाकडे जायचं ते तुम्ही ठरवा.’

“हे तुमच्यामुळं आलं, काका. तुम्ही विचारलं होतं ना.”

“जवळ दुसरं कोण आहे?” मी विचारलं. ती हसली आणि भिंतीकडं बघितलं. पलीकडं स्टोव्हचा आवाज चालू होता.

मी सही केली. तिनं वही उघडली. “पहिला प्रश्न, काका. मागच्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही कोणाशीही बोलला नाहीत?”

प्रश्न मला पाठ होता. तरी बोटं मोजली, दोनदा.

“सहा.”

“आणि सातव्या दिवशी?”

“रविवारी मुलीचा फोन असतो. चार मिनिटं.”

तिनं तेही लिहून घेतलं.